खुब्याची वाटी

खुबा बदलायला आता पुण्या-मुंबईला जायला नको, कोल्हापुरातच सोय झाली, म्हणून डॉक्टर शिवप्रसाद भलतेच खुशीत होते. खुब्यात बसवायची चकचकीत वाटी त्यांनी नीलम्माच्या हातात ठेवली. “टायटॅनियम आहे, आजी. गंजायचं नाव नाही. उद्या तुम्हाला अशीच बसवायची.”

नीलम्मानं वाटी उलटीपालटी करून बघितली. “नाव कुठं घातलंय?”

“कंपनीचं आहे की मागं.”

“कंपनीचं काय करू? माझं घाला.”

डॉक्टरांना हसू आवरेना. “अहो, तुमच्या खुब्यातली वाटी कोण नेणार?”

नीलम्मानं शेजारच्या खाटेकडं बघत आवाज खाली आणला. “ती आमची थोरली जाऊ. उद्या तिलाबी वाटीच बसवणार हायसा न्हवं? माझ्या रुखवतातल्या समद्या वाट्या तिच्याच मांडणीवर हायत.”