रचलेले दगड

धुक्यात एकावर एक रचलेले दगड दिसले आणि शैलाच्या जिवात जीव आला. तळ्यावरून कॅम्पकडे उतरायची वाट अशाच दगडांनी दाखवलेली होती. पाय ओढत ती नवऱ्याला तिथवर घेऊन आली. पुढे वाट नव्हती, कडा होता.

“इथे कोणी रचलेत हे?” तो धापा टाकत म्हणाला.

सकाळी चढताना वाट सोडून ती दम खायला बसली, तेव्हा तिनेच रचले होते. देवीच्या डोंगरावर रचतात तसे, स्वतःचं घर व्हावं म्हणून. भाड्याच्या खोल्या बदलत दर डोंगरावर ती रचतच आली होती.

मागून येणाऱ्यांपैकी कुणीतरी ओरडलं, “दगड दिसले, इकडेच या!”

“येऊ नका, इथे वाट नाही!” ती ओरडली. मग मटकन बसून आपलं घर एकेक दगड करत उतरवू लागली.