खांबावरचा आकडा

रेसिफे शहरातल्या टेकडीवरच्या वस्तीत विजेच्या खांबावर पहिला आकडा टाकला तो झुलमीरा मावशींनी. माणूस चोरी कोणाकडून शिकतो, याचा अभ्यास करणारी लीव्हिया त्यांच्या ओट्यावर येऊन बसली.

"तुम्हाला कोणी शिकवलं, मावशी?"

"कोणी नाही गं. दोनदा झटका बसला, की कुठली तार धरायची नाही ते आपोआप कळतं."

"आणि शेजाऱ्यांना?"

"माझा दिवा दिसला ना! कोणी कॉफी घेऊन आलं, कोणी मक्याचा केक. म्हणे, आम्हालाही टाकून दे."

"ही चोरी आहे, असं कोणीच म्हणालं नाही?"

"म्हणतात की! आमचे पाद्रीबाबा. दर रविवारी, अगदी तावातावानं. खालच्या गल्लीपर्यंत ऐकू जातं."

"तरीही?"

"अगं, माझ्या घरानंतरचा पहिला आकडा त्यांच्याच लाउडस्पीकरचा."