पाटीवरचा शब्द

डॉक्टरबाईंनी कागद फिरवून टेबलाच्या अलीकडे सरकवला. ठमीची आई तो वाचणार, एवढ्यात आबांनी त्यावर बोट टेकवलं.

"हा शब्द मला येतो," ते म्हणाले.

सासऱ्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, हे तिला ठाऊक होतं. पण हा एवढा लांबलचक शब्द त्यांच्या फोटो स्टुडिओच्या पाटीवर छत्तीस वर्षं होता. रंग उडाला की ते स्वतः शिडी धरून उभे राहायचे आणि रंगाऱ्याकडून गिरवून घ्यायचे.

"डेव्हलप," आबा म्हणाले. "म्हणजे फोटो धुणं."

"तोच शब्द, आबा. आम्ही तो मुलांच्या वाढीला वापरतो." डॉक्टरबाईंनी पेनाचं टोक पुढच्या शब्दावर नेलं. "आणि हा म्हणजे उशीर. नात अडीच वर्षांची झाली, अजून एक शब्द नाही. कान तपासले, ऐकू नीट येतंय. आता आठवड्यातून तीन दिवस सकाळी तिला इथं आणायचं. आम्ही तिच्याशी खेळू, खेळता खेळता बोलायला लावू. जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं."

आईनं मनातल्या मनात हिशेब केला. तिची नोकरी सकाळी आठची, नवरा सहा-सहा महिने बोटीवर. आणलं तर आबांनीच आणायचं. आणि आबांनी घरातून पाय बाहेर टाकतानाच बजावलं होतं, "एकदा दाखवू, तुझ्या समाधानासाठी. पण दवाखान्याचे उंबरे झिजवायला मी येणार नाही. हिचा बाप साडेतीन वर्षांनी बोलला, आणि आता गप्प बस म्हटलं तरी बसत नाही."

ठमी खाली फरशीवर बसली होती. एकात एक बसणारे प्लास्टिकचे डबे तिला दिले होते. एक काढायचा, आत बघायचं, बाजूला ठेवायचा. मग पुढचा.

आई खुर्चीवरून वाकली. "ठमे, हा कुठला गं? लाल. म्हण बघू, लाल. बोल ना बाळा. एकदाच बोल, डॉक्टरमावशींना दाखव."

ठमीनं लाल डबा पाठीमागे लपवला.

"सूनबाई, दार उघडू नकोस," आबा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी दाराकडे पाहिलं. ते बंदच होतं.

"डार्करूमचं म्हणतोय मी." आबा खुर्चीत सावरून बसले. "कागद डेव्हलपर औषधाच्या ट्रेमध्ये सोडला की लगेच काही दिसत नाही. पांढरा फटक. बाहेर गिऱ्हाइकाची कडी चालू, झालं का, झालं का. त्याचं ऐकून दार उघडलं की संपलं, उजेड लागून कागद काळाठिक्कर. दम धरावा लागतो. आधी केस येतात. मग बुबुळं. तोंड सगळ्यात शेवटी." त्यांनी कागद डॉक्टरबाईंच्या बाजूला परत सरकवला. "म्हणून म्हणतो, पोरीला राहू द्या निवांत. येईल तिचं तिला."

आबांनी एकदा परत केलेली गोष्ट ते पुन्हा हातात घेत नसत.

डॉक्टरबाईंनी कागद होता तिथेच राहू दिला.

"एक विचारू, आबा? तो कागद ट्रेमध्ये घातलाच नाही, नुसता अंधारात ठेवला, तर?"

"तर काय? कोराच राहणार. वर्षभर ठेवा की." हाताखालच्या पोराची चूक सुधारावी तसे आबा घाईघाईनं बोलले. "आणि नुसता घालूनही भागत नाही बाई. ट्रे हलवत राहावा लागतो. असा, हळूहळू. हात थांबला की..."

त्यांचे दोन्ही हात टेबलावर अधांतरी, नसलेला ट्रे इकडून तिकडे झुलवत होते. ते तसेच थांबले.

ठमीनं शेवटचा, सगळ्यात चिमुकला डबा बाहेर काढला आणि डोळा लावून आत पाहिलं.

आबांनी हात खाली घेतले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"किती वाजता आणायचं?"

"साडेनऊला."

"आणि कधी मिळेल?" विचारून झाल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं.

"तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगत होतात?"

"उद्या या. दुसरं काय सांगणार!"

त्यांनी ठमीला उचलून मांडीवर घेतलं. मांडी सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलू लागली. ठमी त्यांच्या हनुवटीकडे बघत राहिली. तिचे ओठ किंचित विलग झाले.

आई झटकन पुढे झुकली. 'बोल' अगदी जिभेवर आलं.

आबांनी तिच्याकडे न बघताच मोकळा हात मागे नेला, आणि दार आतून हलकेच ओढून घ्यावं तसा पुढे आणला.

आईनं ओठ मिटले.