पाळीव हिवताप

वसंतरावांचा विसरभोळेपणा डॉक्टरांनी टोचलेल्या पाळीव हिवतापाने पळाला होता. मेंदूतल्या प्रथिनांची विस्कटलेली घडी त्या परजीवींच्या इवल्या कप्प्यांतले मदतनीस पुन्हा बसवत. डॉक्टरांची अट एकच होती, रोग्याची मच्छरदाणी नीट खोचायची, नाहीतर डास हे औषध घरोघर वाटत सुटतील. काल नेमका एक कोपरा खोचायला त्यांच्या पत्नी कुमुदताई विसरल्या.

आज शेजारचे दांडेकर दारात उभे राहिले. एरवी त्यांना स्वतःचं घरही सापडत नसे.

"वहिनी, आमचं पुरणयंत्र. गेल्या वर्षी होळीला नेलं होतंत."

आत ओट्यावर त्याच पुरणयंत्राशेजारी डाळ निवत होती.

"कसलं हो पुरणयंत्र? मला तर काहीच आठवत नाही."

"अरेरे," दांडेकर कळवळले. "मग आज मच्छरदाणीच काढून टाका. मला एकाच चाव्यात आठवलं."