पडली की फोन करणारं घड्याळ

नातीचं, काव्याचं, बारसं झालं त्या सालची गोष्ट. भवानी पेठेतल्या बसवराजअप्पांना यंत्रमानवांचे, परग्रहावरचे सिनेमे भारी आवडायचे. कुंभारी गावाला दिलेली त्यांची लेक, काव्याची आई दानेश्वरी, माहेरी यायची, तेव्हा कधी कपाळाला टेंगूळ असायचं, कधी मनगट सुजलेलं. विचारलं की म्हणायची, "बाळंतपणाचा अशक्तपणा हाय अप्पा. चक्कर येऊन पडते."

अप्पांनी सात रस्त्यावरच्या दुकानातून तिला स्मार्ट घड्याळ आणलं. "हातातनं काढू नगं. तू जोरात पडलीस की हे आपसूक फोन करतंय. सिनेमात बघतो की मी, माणसं दगा देत्यात, मशीन कदी न्हाई."

"तुमच्या सिनेमात नवरे नसत्यात का, अप्पा?"

अप्पा पोट धरून हसले.

पुढं दानेश्वरी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला जाऊ या म्हणाली, एवढ्यावरून नवऱ्याने, शिवूने, तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. ती कोसळली, तर केसाला धरून उचललं आणि पुन्हा आपटलं. रक्त उंबऱ्यावरून अंगणात उतरलं. घड्याळाने आपलं काम चोख केलं. ती पडल्याचं ओळखलं आणि लगेच फोन लावला.

फोन शिवूच्याच खिशात वाजला. त्याने तो कट केला आणि तिच्या पोटात लाथ घातली.

'नंबर कुणाचा घालू?' असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा अप्पाच म्हणाले होते, "लग्न झालेली पोरगी हाय. जावयाचाच घाला की."

दानेश्वरी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी गेली.