आज पळायचं न्हाई

"पोरी झोपून राहिल्यात मॅडम!" भुजंगराव मैदानाच्या फाटकातूनच ओरडले.

"मीच झोपायला सांगितलंय सर," हुमा म्हणाली.

लातूरच्या त्या कॉलेजचा मुलींचा कबड्डी संघ भर सकाळी कडुनिंबाखाली चटया टाकून पडला होता. सगळ्यांचे पाय कंपाउंडच्या भिंतीवर टेकवलेले. आठवडाभर रोज एक सामना खेळून पोरींचे पाय भरून आले होते आणि उद्या हदगावच्या संघाशी फायनल होती. हुमा त्यांची कोच. आज पळणं बंद, चढायाही बंद, असं तिने ठरवून टाकलं होतं.

भुजंगराव संस्थेचे सचिव. शहरात त्यांचा कोचिंग क्लासही जोरात चालायचा, आणि जे क्लासात चालतं ते जगात कुठेही चालतं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"आमची पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशीबी सराव पेपर सोडवतात, तवा नंबरात येतात. आन् ह्या लोळून राहिल्या! पळवा त्यांना."

"पेपर पायानं लिहीत न्हाईत सर. सामने सुरू झाले की मेहनत कमी करावी लागते. आज पळवलं तर उद्या ह्यांचे पाय उचलायचे न्हाईत."

"मला शिकवू नका. पळवता, का दुसरा कोच बघू?"

हुमाची नोकरी कंत्राटी, या माणसाच्या एका शब्दावर जाणारी. पण भीतीपेक्षा संताप जास्त होता. तिने गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"मी न्हाई पळवणार. तुम्हीच पळवा."

भुजंगरावांनी गाल फुगवून शिट्टी फुंकली. पोरींनी डोळे उघडले आणि सगळ्यांनी रुखसारकडे पाहिलं.

रुखसार कप्तान. चढाईला गेली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही, पण भुजंगसरांच्या क्लासला जायची आणि त्यांच्यासमोर मान वर करायची नाही. सकाळी 'थोडं तरी पळू द्या ना मॅडम' म्हणून हटून बसलेलीही तीच. ती उठली की सगळ्या उठणार, हे हुमाला ठाऊक होतं. मग नोकरीही गेली आणि फायनलही.

"रुखसार, ऊठ!"

रुखसार उठली.

सरांचा चेहरा खुलला. "शाब्बास! चल, तू पुढं हो."

हुमाला बघवेना. तिने तोंड फिरवलं.

"सर," रुखसार म्हणाली. आज तिची मान सरळ होती. "पळताना बघायचं आसंल तर उद्या या."

तिच्या चटईवर ऊन आलं होतं. तिने चटई सावलीत ओढली आणि पुन्हा आडवी झाली.