दादाची घाई

“बासचा आवाज बंद करा, बाई. नुसती माझी गिटार ऐकवा.”

रेकॉर्डिस्ट बाईंनी मान वर केली. वीस वर्षं स्टुडिओच्या काचेमागे बसून त्या लोकांचं वाजवणं ऐकत होत्या, पण स्वतःच्या चुका ऐकायला आपण होऊन आलेला वादक त्यांना फारसा भेटला नव्हता. “कशाला जिवाला त्रास करून घेता, दादा? रेकॉर्ड छान झाली आहे.”

“कुठे कुठे पळालोय ते कळू दे. शेवटची रेकॉर्ड आहे. निदान तेवढं तरी कापून टाकू.”

शहरभर सगळे त्याला दादाच म्हणत. जॅझ गिटार वाजवत चाळीस वर्षं झाली होती आणि येत्या शनिवारी तो थांबणार होता. निरोपाच्या कार्यक्रमाची तिकिटं संपली होती, भाषणं तयार होती. हात धड होते, कान धड होते. दुखणं एकच, दादाची लय पळत होती. हे त्याला सांगितलं धाकट्या भावाने, दोन वर्षांपूर्वी, एका कार्यक्रमानंतर गिटारची पेटी बंद करता करता. “दादा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण हल्ली तू घाई करतोस.”

दुसरा कोणी असं म्हणाला असता तर दादाने त्याला दाराबाहेर काढलं असतं. पण धाकटा! बँड म्हणजे हे दोघंच. दादाची गिटार आणि धाकट्याचा माणसाएवढा उंच डबल बास. ड्रम नाहीत, पियानो नाही, न्यायनिवाडा करायला तिसरं कोणी नाही. धाकट्याला लहानपणी खरं तर ट्रम्पेट हवं होतं. दादाला बासवाला हवा होता. विषय संपला. तेव्हापासून धाकटा दादाच्या डाव्या बाजूला उभा होता, आणि लयीच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे दादाला काळ्या दगडावरची रेघ.

घरी मेट्रोनोमचं ठोके देणारं यंत्र लावून दादा तासन्‌तास बसायचा. घरी सगळं बरोबर यायचं. “घरी येतंच रे,” धाकटा म्हणायचा. “स्टेजवर चढलास की सुटतोस.” मग दादाला स्टेजचीच धास्ती बसली. त्याने बाहेरगावची आमंत्रणं नाकारली. लांबलचक सोलो आखूड केले. बायकोसमोर गिटार काढायचंही सोडून दिलं. शेवटी एके दिवशी धाकटाच म्हणाला, “लोकांनी म्हणायच्या आधी आपणच थांबू या, दादा. दोघंही.” तेव्हा दादाचे डोळे भरून आले होते. भाऊ असावा तर असा!

बाईंनी बासचा ट्रॅक बंद केला. सुरुवातीची लय मोजून तिच्यावर मेट्रोनोमचा ठोका लावला. दादाने डोळे मिटून घेतले, दात उपटून घ्यायला बसावं तसे.

टक, टक, टक. गिटार ठोक्यावर होती. पहिलं मिनिट गेलं, दुसरं गेलं. सोलो आला. आता पळेल, आता पळेल म्हणून दादाने खुर्चीचा हात घट्ट धरला. नाही पळाली. चार मिनिटांत केसभरही इकडची तिकडे झाली नाही.

“आता बास लावा,” तो म्हणाला.

बास मागे राहत होता. आधी थोडा, मग चांगलाच. जिने चढून दमलेल्या माणसासारखा प्रत्येक ठोक्यानंतर येऊन पोचत होता. शेजारी असा बास असला की सरळ चाललेली गिटार पळतेय असंच वाटणार.

“धाकट्याला माहीत आहे हे?”

बाईंनी ठोका बंद केला. “गेल्या महिन्यात येऊन ऐकून गेले. दोनदा. म्हणाले, दादाला यातलं काही बोलू नका. मला वाटलं, स्वतःच सांगणार असतील.”

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसाने गळा कापला, आणि तोही पाठच्या भावाने! धाकट्याचं घर चार गल्ल्या पलीकडे होतं. दादा तावातावाने चालत निघाला.

दार भावजयीने उघडलं. दादाचा चेहरा बघून ती बाजूला झाली. धाकटा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, उजवा हात मनगटापर्यंत गरम पाण्याच्या भांड्यात. बोटांची पेरं सुजून लाल झाली होती. दादा दिसताच त्याने हात काढून टॉवेलाखाली लपवला. मग आता कशाला, असं वाटून पुन्हा पाण्यात घातला.

“ऐकलंस वाटतं.”

“दोन वर्षं!” दादा ओरडला. “दोन वर्षं मी स्वतःला म्हातारा समजून बसलो. गिटारला हात लावायची चोरी झाली मला. तुझ्या सुजलेल्या बोटांपायी मी शनिवारी भरल्या सभागृहात निरोप घेणार होतो? लाज नाही वाटली तुला?”

“वाटली. रोज वाटली.”

“मग बोलला का नाहीस? सख्खा भाऊ आहे ना रे मी तुझा? मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर...”

“तर?” धाकट्याने पहिल्यांदाच वर बघितलं. त्याने आवाज चढवला नाही. “माझी बोटं गेली असं मी सांगितलं असतं, दादा, तर काय केलं असतंस तू?”

“काय म्हणजे? आपण दोघांनी मिळून...” दादा बोलता बोलता अडखळला.

कारण येताना, तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर, त्याच्या डोक्यात एक नाव येऊन गेलं होतं. नदीपलीकडच्या क्लबात वाजवणारा तो चष्मेवाला बासवाला. तरुण आहे, लय पक्की आहे. शनिवारी तो मोकळा असेल का, इथपर्यंत दादाचा विचार करून झाला होता.